पाण्याने थंड होणारा संगणक : जमा आणि खर्च

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील कित्येक व्यापारी घरांत एकच संगणक दोन कामे करतो. दिवसा त्यावर पेढीचे हिशेब व जीएसटीची विवरणपत्रे तयार होतात. रात्री घरातील मुले त्यावरच चित्रफितींचे संपादन करतात. मग एके दिवशी ‘वॉटर कूलिंग किट’ची मागणी पुढे येते आणि हा खर्च गरजेचा की हौसेचा, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडतो.

हे तंत्र नवे नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच आपले मोठे संगणक पाण्याने थंड केले होते. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवानेच थंड ठेवला जातो. घरगुती तयार संचात तेच तत्त्व लहान प्रमाणावर असते. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी बसते, छोटा पंप द्रव फिरवतो, रेडिएटरमध्ये तो निवतो आणि पंखे उष्णता बाहेर टाकतात. मात्र हा संच म्हणजे वातानुकूलन यंत्र नव्हे. खोलीत ३३ अंश तापमान असेल, तर प्रोसेसर त्याखाली कधीच जाणार नाही.

म्हणून पहिला विचार प्रोसेसरचा करावा. तो ६५ वॅट वर्गातील असेल, तर साधा पंखा पुरेसा आहे. केवळ हिशेबासाठी पाण्याची गरज नाही. १२५ वॅट वा त्याहून अधिक क्षमतेचा प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण भाराने चालत असेल, तरच २४० किंवा ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरचा विचार करावा. त्यापूर्वी तो कॅबिनेटमध्ये मावतो का आणि संचासोबत आपल्या सॉकेटची पकड मिळते का, हे पाहावे. बसवताना पंप रेडिएटरच्या वरच्या टोकापेक्षा खाली राहील, याची दक्षता घ्यावी. अन्यथा आतील हवा पंपात साठते.

किनाऱ्यावर आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. खारी, दमट हवा आणि धूळ रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर बसते. संगणक समुद्राकडील खिडकीपासून दूर ठेवावा व पाती ठरावीक काळाने कोरड्या ब्रशने साफ करावीत. साध्या कूलरचा पंखा बिघडला, तर गावातला कारागीरही तो बदलतो. बंदिस्त संचाचा पंप बंद पडला, तर बहुधा पूर्ण संचच बदलावा लागतो. त्यासाठी मुंबई गाठावी, तर गेटवे–मांडवा लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. म्हणून जुना पंखा फेकून न देता जपून ठेवणे शहाणपणाचे.

किमतीपेक्षा हमीपत्र अधिक बारकाईने वाचावे. मुदत किती वर्षांची आहे आणि द्रव गळून इतर भागांचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई मिळते का, या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. गळती क्वचितच होते. पण झालीच, तर संचाच्या किमतीहून महाग भाग निकामी होऊ शकतात.

त्याहून मोलाची वस्तू म्हणजे पेढीचा हिशेब, आणि तो कोणत्याही हमीपत्रात बसत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक घरांच्या छपरांखालच्या वस्तूही सुरक्षित राहिल्या नव्हत्या. म्हणून संच घ्यावा अथवा न घ्यावा, हिशेबाची एक प्रत रोज वेगळ्या डिस्कवर काढून दुसऱ्या जागी ठेवावी. शक्य असल्यास पेढीसाठी साधा, स्वतंत्र संगणकच असावा. मग मुलांच्या यंत्रात पाणी फिरो वा वारा, खतावणी कोरडी राहील.