बेघर माणसाला ब्लँकेट दिलं, जेवण दिलं. पण त्याचं नाव कुणी विचारलं का?

थंडी पडली की व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. रस्त्याकडेला झोपलेला माणूस, त्याच्या अंगावर नवं कोरं ब्लँकेट, मागे उभे चार-पाच कार्यकर्ते आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. या फोटोंची टिंगल करणं सोपं आहे. पण कडाक्याच्या थंडीत ब्लँकेटने ऊब मिळतेच, त्यामुळे टिंगल नको. प्रश्न वेगळाच आहे. तो माणूस पुढच्या आठवड्यात कुठे होता, हे त्या चार-पाच जणांपैकी किती जणांना माहीत असतं?

हदगावसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. का, ते पाहू.

भाकरी मिळते, ओळख मिळत नाही

नांदेड जिल्ह्यात अन्नदानाची कमतरता नाही. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये कोण, कुठला हे न विचारता जेवायला वाढतात. हदगाव तालुक्यातल्या तामसा गावी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भाजी-भाकरीची मोठी पंगत बसते. माहूरला वर्षभर भाविक येतात, हदगावच्या दत्तबर्डीला यात्रेकरू असतात. जिथे देवस्थान तिथे चार घास मिळतात, म्हणून घर सुटलेली माणसंही तिथेच टेकतात.

पण पंगतीत वाढणारा आणि जेवणारा यांच्यात बोलणं किती होतं? स्टँडवर बसलेल्या म्हातारीला रोज कुणी ना कुणी चहा पाजतं, तिच्याशी दोन वाक्यं मात्र कुणी बोलत नाही. महिना-महिना कुणी नावाने हाक मारली नाही तर माणसाचं काय होतं, हा केवळ भावनेचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दरवर्षी साधारण ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध एकटेपणाशी आहे. तो अहवाल घरात राहणाऱ्यांसकट सगळ्यांबद्दल आहे. रस्त्यावरच्या माणसाचं एकटेपण याहून कितीतरी जास्त.

सरकारी निवारा हदगावपर्यंत का पोहोचत नाही?

२०११ च्या जनगणनेत देशात १७.७ लाख लोक बेघर मोजले गेले, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून जास्त. देशातल्या बेघरांपैकी जवळपास निम्मे, ८ लाखांहून अधिक, ग्रामीण भागातले होते. आपल्या डोळ्यांसमोर मात्र बेघर म्हटलं की मुंबईचा उड्डाणपूल येतो.

धोरणही तसंच आखलं गेलं. सर्वोच्च न्यायालयात २०१० पासून बेघरांच्या निवाऱ्यावर आदेश झाले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात प्रमाण ठरलं: शहराच्या दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय असलेला कायमचा निवारा. हदगावची लोकसंख्या लाखाच्या बरीच आत आहे. पुढे २०१६ मध्ये अभियान सगळ्या नगरपालिका क्षेत्रांना लागू झालं, पण मोजमाप लाखांचंच राहिलं. ज्या गावात स्टँड, मंदिराची ओसरी आणि बंद दुकानांच्या पायऱ्या मिळून दहा-बारा माणसं झोपतात, त्या गावासाठी या हिशेबात जागाच नाही. म्हणून अशा गावांत जे काही होतं ते स्वयंसेवकांच्याच भरवशावर.

नांदेडचा 'कायापालट'

जिल्ह्याच्या ठिकाणी एक चांगलं उदाहरण आहे. ॲड. दिलीप ठाकूर आणि त्यांचे सहकारी 'कायापालट' नावाचा उपक्रम चालवतात. रस्त्यावर फिरणाऱ्या बेवारस, मनोरुग्ण, भीक मागणाऱ्या माणसांना दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एकत्र आणायचं, कटिंग-दाढी करायची, आंघोळ घालायची, नवे कपडे द्यायचे. हिवाळ्यात हीच मंडळी रात्री फिरून उघड्यावर झोपलेल्यांच्या अंगावर ब्लँकेट टाकतात.

यात मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते 'दर महिन्याला' हे शब्द. वाढदिवसाला एकदा केलेलं वाटप आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा येणारी तीच माणसं, यात फार फरक आहे. शिवाय न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्याला कुणीतरी हात लावतं. कित्येकांना तेवढा स्पर्शही वर्षानुवर्षं झालेला नसतो.

पुण्यातल्या डॉ. अभिजित सोनवणे यांचं कामही याच सूत्रावर चालतं. 'भिक्षेकऱ्यांचे डॉक्टर' म्हणून ते ओळखले जातात. मंदिर, मशिदीबाहेर बसलेल्या आजी-आजोबांच्या शेजारी जमिनीवर बसून ते तपासतात, औषध देतात आणि नातं जुळलं की भीक सोडून एखादा छोटा धंदा करायला राजी करतात. पहिल्याच भेटीत 'काम करा' म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

नारळाची करवंटी आणि बी.एस्सी.चा पदवीधर

१९८० च्या दशकातली मुंबईची गोष्ट. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांना रस्त्यावर जटा वाढलेला एक तरुण दिसला. तो करवंटीने गटारातलं पाणी पीत होता. दोघं त्याला आपल्या नर्सिंग होममध्ये घेऊन गेले. उपचारांनंतर तो बोलू लागला तेव्हा कळलं, की तो आंध्र प्रदेशातला आहे, बी.एस्सी. झाला आहे आणि पॅथॉलॉजी लॅबचा डिप्लोमाही त्याच्याकडे आहे. तो घरी परतला. त्यातूनच १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन उभं राहिलं, २००६ मध्ये कर्जतला केंद्र सुरू झालं आणि २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बरे झालेल्या रुग्णाला संस्थेचे कार्यकर्ते रेल्वेने, बसने थेट त्याच्या गावी पोहोचवतात.

आपण ज्याला 'वेडा' म्हणून पुढे जातो, त्याचं घर कदाचित त्याला शोधतंय.

आणि अनोळखी राहण्याची किंमत

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना जमावाने ठेचून मारलं. ते ठार बेघर नव्हते, भटके होते. पण गावाला त्यांची नावं माहीत नव्हती, आणि तेवढं पुरेसं ठरलं.

अशा अफवा आजही फिरतात, आणि फाटक्या कपड्यातला, तुटक बोलणारा माणूस त्यात पहिला सापडतो. 'अरे, हे आपल्या स्टँडवरचे काका' असं म्हणणारे गावात चार जण असतील तर तो वाचू शकतो.

मग हदगावात काय करता येईल?

इथे लहान गावाचा फायदा आहे. चहाची टपरी, कंट्रोलर, मेडिकलवाला, ठाण्यातला हवालदार, सगळे एकमेकांना ओळखतात. चार-पाच जणांनी आठवड्यातला एक ठरलेला दिवस धरून फेरी मारली तरी पुष्कळ आहे. सोबत वही हवी: नाव (सांगेल ते), कुठे झोपतात, कुठली भाषा बोलतात, जखम-खोकला, गावाचा काही उल्लेख. समोर उभं राहून वाकून बोलू नका, शेजारी बसा. आजी, मामा, काका म्हणा. नको म्हणाले तर निघून या आणि पुढच्या आठवड्यात परत जा. पाठीमागे पोलिसांचा लवाजमा नको. भीक मागणं १९५९ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात अजून गुन्हा आहे आणि त्यात वर्षभराहून जास्त स्थानबद्धता होऊ शकते, म्हणून घोळका दिसला की ही माणसं पळतात. दिल्ली उच्च न्यायालयाने यातली प्रमुख कलमं २०१८ मध्ये रद्द केली, पण फक्त दिल्लीपुरती.

मानसिक आजाराची शंका असेल तर मात्र पोलिसांकडे जावंच लागतं, आणि इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १०० सांगतं, की स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या, भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं आणि कोठडीत ठेवायचं नाही. त्याच्या घरच्यांचा शोध घेणंही ठाणेदाराचं काम आहे. अडचण अंतराची येते. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. मराठवाड्यात एकही नाही. हदगावहून साठ-सत्तर किलोमीटरवर नांदेडच्या विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तेच त्यातल्या त्यात जवळचं मोठं ठिकाण. गाडी कोण देणार, सोबत कोण थांबणार, हे आधी ठरलं नसेल तर कलम कागदावरच राहतं.

कागदांचा घोळ वेगळा. संजय गांधी निराधार योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला महिना १५०० रुपये मिळतात, अर्ज तहसीलमध्ये करायचा. पण त्यासाठी आधार हवं, बँक खातं हवं, रहिवासाचा पुरावा हवा. ज्याला घरच नाही त्याने रहिवास कुठला दाखवायचा? आधारच्या ठरावीक नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते. एक सही मिळवून देणं हे पन्नास ब्लँकेटांइतकं काम आहे, फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही.

फोटोचं निघालंच आहे तर: व्हायरल व्हिडिओमुळे माणसं घरी पोहोचल्याची उदाहरणं आहेत. तरी आधी पोलिसांकडे नोंद करा, चेहरा सगळ्या ग्रुपवर नंतर. घर सोडून आलेली बाई मारहाणीला कंटाळून निघालेली असू शकते, आणि तिचा पत्ता नेमका त्याच घरी पोहोचतो. ज्येष्ठांसाठी १४५६७, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि लहान मुलांसाठी १०९८ हे नंबर मोबाइलमध्ये ठेवा.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मागच्या वेळी बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती, एकाच रात्रीत. त्या रात्री हदगावात कोण कुठे झोपतं हे प्रगणकाला कुणी सांगायचं? ज्यांच्याकडे ती वही असेल, त्यांना ते सांगता येईल.