एक देश, एक कार्ड, आणि पाकिटात चार!

परवा बसमध्ये कंडक्टरच्या मशीनवर कार्ड टेकवलं, तर ‘बॅलन्स अपुरा’. आदल्या रात्रीच फोनवरून 300 रुपये भरले होते, पैसे कापल्याचा मेसेजही आला होता. मागे गर्दी, कंडक्टर वैतागलेला. शेवटी सुट्टे काढून दिले. नंतर कळलं, ऑनलाइन भरलेले पैसे आपोआप कार्डात जात नाहीत. ठरावीक मशीनवर कार्ड टेकवून ते चिपमध्ये उतरवून घ्यावे लागतात. अरे, मग कार्ड देताना हे सांगायला काय होतं?

4 मार्च 2019 ला अहमदाबादेत मोठ्या समारंभात नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आलं. एकच कार्ड मेट्रोला, बसला, पार्किंगला, टोलला, दुकानातही. घोषणा होती ‘वन नेशन, वन कार्ड’. आज माझ्या पाकिटात चार कार्डं आहेत आणि लोकलचा पास वेगळा.

तंत्रज्ञानाला मी दोष देत नाही. नेटवर्क नसतानाही क्षणात भाडं कापलं जावं, म्हणून पैसे चिपमध्येच ठेवायचे ही कल्पना बरोबरच आहे. खरी गोम पुढे आहे. चिपमध्ये प्रत्येक संस्थेच्या पाससाठी वेगळा कप्पा असतो. मेट्रोचा पास बसला चालत नाही, बसचा मेट्रोला नाही. लोकलच्या स्टेशनात तर टॅप करायला गेटच नाही!

आता भाड्याचं बघा. गुंदवलीला मेट्रो 7 मधून उतरून पुलावरून मेट्रो 1 ला जा. चार पावलांवर दुसरी मेट्रो, पण कंपनी वेगळी, म्हणून भाडं पुन्हा पहिल्यापासून. पुढे बस घेतली की तिचं किमान भाडं वेगळं, आणि बेस्टचं ते मे 2025 मध्ये 5 वरून 10 रुपये झालंय. घरकाम करणारी बाई, रात्रपाळीची नर्स, कुरिअरवाला पोरगा, गाडी बदलली की प्रत्येक वेळी नव्याने पैसे मोजतात. जो जास्त गाड्या बदलतो तो हौस म्हणून बदलत नाही, त्याचं घर लांब असतं म्हणून बदलतो. त्यालाच आपण दंड लावतोय.

कोणी म्हणेल, ऑक्टोबर 2025 मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आलं की, 11 संस्थांची तिकिटं एकाच ठिकाणी! चांगलंच झालं. पण तिकिटं एका पडद्यावर आली म्हणून भाडं एक होत नाही. आणि ज्याच्याकडे साधा फोन आहे, त्याने काय करायचं?

हाँगकाँगमध्ये 1997 ला ऑक्टोपस कार्ड आलं. तिथल्या मेट्रो, रेल्वे, बस आणि फेरीवाल्या कंपन्यांनी मिळून एक कंपनी काढली आणि पैशांची वाटणी आधी ठरवली. लंडनमध्ये बस आणि ट्यूब मिळून दिवसाचं कमाल भाडं ठरलेलं असतं, त्यावर कितीही फिरा. आपल्याकडे आधी कार्ड छापलं आणि वाटणीचा प्रश्न तसाच ठेवला. शहरात वाहतुकीचं एकच प्राधिकरण हवं, असं केंद्राचं 2006 चं धोरणच सांगतं. पण स्वतःचे प्रवासी, स्वतःचं ॲप आणि आगाऊ भरलेला पैसा कोण सोडणार?

म्हणून मागण्या तीनच:

1) ठरावीक वेळेत गाडी बदलली तर दुसरं किमान भाडं नको. मेट्रो, बस, लोकल, सगळीकडे.
2) मासिक पास एकच, सगळ्या संस्थांना चालणारा.
3) पैसे अडकले तर तक्रारीची खिडकी एकच. बँक म्हणते ऑपरेटरकडे जा, ऑपरेटर म्हणतो बँकेकडे जा, हे बंद करा.

हे होत नसेल तर निदान नवीन कार्डाचं उद्घाटन तरी करू नका. पाकिटात जागा नाही.

पटलं तर पुढे पाठवा, आणि तुमच्या पाकिटात किती कार्डं आहेत ते खाली लिहा.