भिंत कोणाची, अक्षर कोणाचे?

निवृत्तीनंतर माझा मुक्काम होसकोटे येथे आहे. बेंगळुरूच्या पूर्वेला, कोलारकडे आणि पुढे चेन्नईकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव आता महानगराच्या कवेत येऊ लागले आहे. सकाळी फिरायला निघालो की वाटेत एका सरकारी आवाराची लांबलचक भिंत लागते. तिच्या एका टोकाला सरकारी खर्चाने रंगवलेले स्वच्छतेचे घोषवाक्य आहे. मधल्या भागात शिकवणी वर्गाची आणि कूपनलिका खोदून देणाऱ्याची जाहिरात आहे. तिथेच कोणा स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक टेकवून ठेवलेला असतो. दुसऱ्या टोकाला काही महिन्यांपूर्वी कोणा अनामिकाने साचा ठेवून एक चित्र उमटवले होते. डोक्यावर रिकामी घागर घेतलेली मुलगी आणि खाली कन्नडमध्ये एकच शब्द, ‘नीरु’, म्हणजे पाणी. एके सकाळी पाहिले, तर चुना मारून तेवढे चित्र पुसलेले होते. घोषवाक्य, दोन्ही जाहिराती आणि वाढदिवसाचा फलक जागच्या जागी होते.

ते चित्र थोर होते असे मी म्हणणार नाही. पण या निवडक पुसण्याने माझ्या मनात एक जुना प्रश्न पुन्हा जागा झाला. भिंतीवर विनापरवाना काढलेले चित्र ही रस्त्यावरची कला मानावी की सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपीकरण? वर्तमानपत्रांत हा वाद बहुधा सौंदर्याच्या अंगाने होतो. प्रशासनात तीन दशके घालवल्यावर मला तो अधिकाराचा आणि समान न्यायाचा वाटतो.

गेल्या दशकभरातील बेंगळुरूचीच काही उदाहरणे घेऊ. २०१५ मध्ये बादल नंजुंडस्वामी या चित्रकाराने सुलतानपाळ्यातील एका मोठ्या खड्ड्यात रंगवलेल्या पाण्यात मगरीची हुबेहूब प्रतिकृती ठेवली. छायाचित्रे देशभर फिरली आणि महापालिकेने तातडीने रस्ता दुरुस्त केला. २०१९ मध्ये याच चित्रकाराने खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यावर अंतराळवीराला चालवून चंद्रपृष्ठाचा आभास निर्माण करणारी चित्रफीत केली. पुन्हा कौतुक, पुन्हा दुरुस्ती. जानेवारी २०२० मध्ये चर्च स्ट्रीटवरील भिंतींवर आणि दुकानांच्या शटरांवर नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या विरोधातील घोषणा उमटल्या, तेव्हा पोलिसांनी गुन्हा नोंदवला. सप्टेंबर २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांचा चेहरा असलेली ‘पेसीएम’ ही भित्तिपत्रके शहरभर लागली. त्या वेळीही विद्रूपीकरणविरोधी कायद्याखाली गुन्हे दाखल झाले आणि ती लावायला उतरलेल्या ज्येष्ठ विरोधी नेत्यांना ताब्यात घेण्यात आले. पुढच्या वर्षी ते विरोधक सत्तेत आले. कायदा मात्र तोच राहिला.

या घटना एकसारख्या नाहीत, हे मला मान्य आहे. खड्डा कोणाच्या खासगी मालकीचा नसतो, शटर दुकानदाराचे असते. ज्या दुकानदाराला सकाळी उठून स्वखर्चाने रंग खरवडावा लागतो, त्याला अभिव्यक्तीचे तत्त्वज्ञान सांगणे हा उद्धटपणा होईल. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. चित्राने महापालिकेला चिमटा काढला तर ती कला ठरते आणि राज्यकर्त्याला काढला तर विद्रूपीकरण. ज्या कायद्याचा अर्थ चिमट्याच्या जागेवर अवलंबून राहतो, त्याची अंमलबजावणी कायद्याने होत नसून मर्जीने होते.

कायदा पाहू. कर्नाटकात १९८१ चा खुल्या जागांच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा अधिनियम आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा आहेत. महाराष्ट्रात १९९५ च्या अधिनियमानुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दिल्लीच्या २००७ च्या कायद्यात हीच मर्यादा एक वर्ष आणि पन्नास हजार रुपये अशी आहे. एकाच कृत्याची किंमत राज्यागणिक इतकी बदलते. दिल्लीच्या कायद्यात विद्रूपीकरणाच्या व्याख्येत मालमत्तेच्या ‘सौंदर्याला’ बाधा आणण्याचाही समावेश आहे. सौंदर्याला बाधा आली की भर पडली, याचा पहिला निर्णय मग हवालदाराच्या हाती जातो. कलासमीक्षकांचे ज्यावर एकमत होत नाही, ते आपण पोलीस ठाण्यावर सोपवले आहे.

शासन स्वतः भिंती रंगवते, तेव्हाही हा प्रश्न सुटत नाही. २००९ मध्ये बेंगळुरू महापालिकेने चित्रपटांचे फलक रंगवणाऱ्या कारागिरांना हाताशी धरून प्रमुख रस्त्यांच्या भिंतींवर वारसास्थळे, निसर्ग आणि लोककलांची चित्रे काढून घेतली. छापील फ्लेक्समुळे ज्यांचा धंदा बसला होता, त्या हातांना काम मिळाले, ही त्यातली चांगली बाजू. भित्तिपत्रके चिकटवणाऱ्यांना जागाच उरू नये, हाही त्यामागचा हेतू होता. मुंबईत त्याच वर्षी माहीम–दादर भागातील तुळशी पाइप रोडची भिंत पालिकेच्या संमतीने नागरिकांनी रंगवली. दिल्लीची लोधी कॉलनी आणि मुंबईचा ससून डॉक येथे पुढे मोठे प्रकल्प झाले. हे सारे स्वागतार्ह आहे. मात्र परवानगीच्या चित्रात मोर असतो, सिंह असतो, महापुरुष असतात. रिकामी घागर सहसा नसते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला आणखी एक अडचण दिसते. होसकोटे या नावाचा अर्थच ‘नवा कोट’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मे गौडाने तो बांधला. विजापूरच्या सैन्याने बेंगळुरू घेतल्यावर शहाजीराजांना जी जहागीर मिळाली, तिच्यात होसकोटेही होते. ऑगस्ट १७६८ मध्ये गुत्तीच्या मुराररावांची, घोरपड्यांची छावणी इथेच पडली होती आणि हैदर अलीने तिच्यावर रात्री हल्ला चढवला होता. या तालुक्यातील शिलालेख बी. एल. राइस यांनी १९०५ च्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या नवव्या खंडात नोंदवले. त्या दगडांवरची अक्षरे आज आपण वारसा मानतो. दगडावर कोरण्याचा अधिकार ज्यांच्यापाशी होता, त्यांचीच ती बहुतांशी आहेत, हे मात्र आपण सोयीस्कर विसरतो.

विनापरवाना अक्षरेही काळाच्या ओघात वारसा होतात. श्रीलंकेतील सिगिरियाच्या आरशासारख्या गुळगुळीत भिंतीवर आठव्या ते दहाव्या शतकांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ओळी कोरून ठेवल्या. सेनरत परणवितान यांनी त्यातील ६८५ पद्ये १९५६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. सिंहली भाषेच्या इतिहासाला ते अमोल साधन ठरले. त्याच भिंतीवर २०१५ मध्ये एका तरुणीने आपले नाव कोरले, तेव्हा न्यायालयाने तिला दोन वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या माफीने तिची सुटका झाली. आपल्या अजिंठ्याला दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी चित्रावरच आपले नाव कोरले. आज मार्गदर्शक ते आवर्जून दाखवतात, कारण लेण्यांच्या आधुनिक शोधाचा तो पुरावा आहे. आज कोणी तसे केले, तर २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या पुरातत्त्व कायद्यानुसार त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो व्हायलाच हवा. हजार वर्षांनी लोक काय म्हणतील, ही कसोटी इतिहासकाराला परवडते. उद्या सकाळी आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याला ती उपयोगाची नाही.

मग कोणती कसोटी लावावी? मला चार प्रश्न पुरेसे वाटतात.

पहिला, भिंत कोणाची? खासगी भिंतीवर मालकाचा शब्द अंतिम असावा. हे तत्त्व नवे नाही. भिंतीवर घोषणा लिहिण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी, असे निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिता पक्षांना सांगतेच.

दुसरा, झालेले नुकसान भरून निघणारे आहे का? चुन्याच्या भिंतीवरचा रंग एका हातात जातो. लेण्यातले चित्र, वीरगळ, देवळाचा खांब एकदा खरवडला की परत येत नाही. वारसास्थळे आणि वाहतुकीच्या खुणा यांबाबत तडजोड नको. इतर ठिकाणी मात्र फौजदारी गुन्ह्याऐवजी साफसफाईचा खर्च वसूल करावा किंवा भिंत स्वतः स्वच्छ करायला लावावी. एकोणिसाव्या वर्षी साच्याने चित्र उमटवणाऱ्या मुलाला पोलीस नोंद घेऊन नोकरीच्या मुलाखतींना पाठवण्यात समाजाचे कोणते हित आहे?

तिसरा, या अक्षराने कोणाचे अक्षर पुसले? सीमाभागातल्या वाचकांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. बेळगावपासून कोल्हापूरपर्यंत पाट्यांना आणि बसगाड्यांना काळे फासण्याचे प्रकार दोन्ही बाजूंनी झाले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूत कन्नड पाट्यांसाठीच्या आंदोलनात दुकानांचे इंग्रजी फलक फोडले गेले. भाषेवरचे प्रेम मी समजू शकतो. परंतु दुसऱ्याची लिपी पुसणे ही अभिव्यक्ती नाही, धाक आहे. तसेच नोव्हेंबर २०२० मध्ये मंगळुरूच्या भिंतीवर दहशतवादी संघटनेच्या समर्थनाचा मजकूर आढळला. तिथे प्रश्न भिंतीचा उरत नाही. चिथावणीसाठी स्वतंत्र कायदे आहेत. विद्रूपीकरणाच्या कायद्याला त्या कामाला जुंपू नये.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हाच नियम बलवानालाही लागू झाला का? २०१८ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने खडसावले, तेव्हा कुठे बेंगळुरूतील बेकायदा फ्लेक्स उतरले. २००२ मध्ये मनाली–रोहतांग मार्गावरच्या डोंगरशिळांवर बड्या कंपन्यांनी जाहिराती रंगवल्या, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून लक्ष घालावे लागले. शिळा रंगवणारी कंपनी आणि भिंत रंगवणारा मुलगा यांत अधिक नुकसान कोणी केले आणि अधिक लवकर कोण पकडला जातो, याची उत्तरे वेगवेगळी येतात.

यावर उपाय अवघड नाहीत. प्रत्येक नगरपालिकेने काही सार्वजनिक भिंती खुल्या म्हणून जाहीर कराव्यात, तिथे मजकुराची पूर्वतपासणी नसावी आणि ठराविक मुदतीनंतर भिंत पुन्हा कोरी करावी. परवानगी मिळाली की बंडखोरी संपते, असे काही कलावंत म्हणतील. त्यांचे म्हणणे खरे असेलही. बंडखोरीची सोय करणे हे पालिकेचे काम नव्हे. पण खुली भिंत उपलब्ध असताना दुसऱ्याचे शटर रंगवणाऱ्याला सबब उरत नाही. दुसरा उपाय अधिक साधा आहे. भिंतीवरून काहीही पुसण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि कोणाच्या आदेशाने, कोणत्या कारणासाठी पुसले, याची नोंदवही ठेवून ती लोकांना पाहायला खुली करावी. वर्षभराची नोंदवही चाळली की कायदा सर्वांना सारखा लागतो की नाही, ते कोणालाही कळेल.

हा आग्रह मी धरतो, त्याला कारण आहे. सेवेच्या पहिल्या काही वर्षांत एका मंत्र्याच्या दौऱ्याच्या आदल्या रात्री मी एका गावातल्या भिंती चुन्याने रंगवून घेतल्या होत्या. त्यांतल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिले होते की, दोन महिने रास्त भावाच्या दुकानात धान्य आलेले नाही. दौरा सुरळीत पार पडला आणि वरिष्ठांनी शाबासकी दिली. काही आठवड्यांनी कागद उपसताना त्याच गावाचा, त्याच तक्रारीचा लेखी अर्ज माझ्याच टेबलावर सापडला. भिंतीवर ते वाक्य येण्याच्या कितीतरी आधीच्या तारखेचा. म्हणजे त्या माणसाने आधी रीतसर दार ठोठावले होते. दार उघडले नाही, म्हणून तो भिंतीकडे वळला, आणि मी भिंतही पुसून टाकली.

होसकोट्याच्या त्या भिंतीवर आता पांढरा चौकोन दिसतो. नगरपालिकेला मी रीतसर पत्र पाठवून दोन गोष्टी विचारल्या आहेत. ते चित्र कोणत्या आदेशाने पुसले आणि शेजारचा वाढदिवसाचा फलक कोणत्या परवानगीने उभा आहे? उत्तर आले की भिंतीकडे पुन्हा जाईन.