अट नसलेले अन्न

बटाटा जैन स्वयंपाकघरात कंदमूळ म्हणून वर्ज्य आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या आयर्लंडमध्ये मात्र लाखो कुटुंबांच्या ताटात त्याच्याखेरीज दुसरे काही नसे. बटाटा आणि मिळाले तर ताक, एवढाच त्यांचा आहार. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई. मजुराला जमीनदाराकडून वा मोठ्या कुळाकडून जमिनीचा लहानसा तुकडा मिळे. त्याचे भाडे तो मजुरीने फेडी. त्या तुकड्यात घरभर लोकांचे पोट भरेल असे पीक बटाट्याखेरीज दुसरे नव्हते. शेतात धान्य पिके, ते भाडे चुकवण्यासाठी बाजारात जाई. १८४१ च्या जनगणनेत सुमारे पाचात दोन घरे एका खोलीची, मातीच्या भिंतींची आढळली.

जुना बटाटा संपे आणि नवा हाती येण्यास अवकाश असे, ते उन्हाळ्याचे महिने दरवर्षी उपासमारीचे जात. तेव्हा गावचा दुकानदार चढ्या भावाने पीठ उधार देई आणि पुढच्या मजुरीवर हक्क सांगे. आयरिश भाषेतील व्याजवाचक शब्दावरून अशा सावकाराला ‘गॉम्बीन मॅन’ हे नाव पडले. लोकस्मृतीत ते आजही तिरस्कारानेच घेतले जाते.

१८४५ च्या शरद ऋतूत बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या वर्षी जवळजवळ सारे पीक कुजले. सरकारने रस्ते बांधण्याची कामे काढली. मार्च १८४७ मध्ये त्यांवर सात लाखांहून अधिक माणसे राबत होती. परंतु मजुरी तुटपुंजी, तीही उशिरा मिळे आणि धान्याचे भाव तिच्या आवाक्याबाहेर गेले होते. याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य परदेशी जातच राहिले. १८४१ साली सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख मृत्यू पावले आणि तितकेच देश सोडून गेले.

या काळोखात एक छोटा समाज पुढे आला. त्याचे नाव क्वेकर. संपूर्ण आयर्लंडमध्ये त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास होती. त्यांतील बहुतेक व्यापारी आणि कारखानदार. शस्त्र हाती न धरणे, साधा पोशाख, शपथेवाचूनही सत्य बोलणे आणि घासाघीस न करता एकच भाव सांगणे हे त्यांचे आचारनियम. ऐपतीबाहेर व्यापार वाढवून दिवाळे काढणाऱ्यास समाजातून दूर केले जाई. जैन व्यापारी घराण्यांना या नियमांत आपल्या पूर्वजांची ओळख पटावी.

नोव्हेंबर १८४६ मध्ये डब्लिन येथे त्यांनी मदत समिती स्थापन केली. चहा-कॉफीचे व्यापारी जोसेफ ब्यूली आणि कापड व्यवसायातील जोनाथन पिम हे तिचे चिटणीस. समितीने काम आरंभले ते व्यापाऱ्याच्या शिस्तीने: आधी पाहणी, मग खर्च. विल्यम फॉर्स्टर नावाचे वयोवृद्ध इंग्लिश क्वेकर भर हिवाळ्यात पश्चिमेकडील जिल्ह्यांतून फिरले आणि झोपड्यांत जे दिसले ते त्यांनी कळवले. त्यानंतर गावोगावी अन्न शिजवण्याचे मोठाले हंडे पोहोचले, अमेरिकेतील क्वेकरांनी धाडलेले मक्याचे पीठ वाटले गेले, बियाणे दिले गेले. एकूण मदत सुमारे दोन लाख पौंडांची झाली. पुढे सरकारने हीच पद्धत उचलली आणि जुलै १८४७ मध्ये रोज तीस लाख माणसांना शिजवलेले अन्न मिळू लागले. मात्र काही महिन्यांतच ती व्यवस्था बंद करण्यात आली.

त्याच वेळी काही धर्मप्रसारक भुकेल्यांना सूप देत, पण पंथ बदलण्याची अपेक्षा ठेवीत. ‘सूप घेतले’ हा शब्दप्रयोग आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कलंक म्हणून वापरला गेला. क्वेकरांनी कॅथलिक शेतकऱ्याला ना पंथ विचारला, ना आपला पंथ सांगितला. आहारदानाला अट जोडली की तो सौदा होतो, हे व्यापाऱ्यांनाच अधिक नेमके उमगले होते.

या कामाची किंमत त्यांनी शरीरानेही मोजली. अतिश्रमाने पिम यांची प्रकृती ढासळली. ब्यूली १८५१ मध्ये निवर्तले. जून १८४९ मध्ये एक विलक्षण प्रसंग घडला. लंडनच्या अर्थखात्यातील चार्ल्स ट्रेव्हेल्यन, जे पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले, त्यांनी समितीने काम पुन्हा सुरू करावे म्हणून शंभर पौंड देऊ केले. समितीने ते नाकारले. हे संकट आता खासगी दानाच्या कुवतीपलीकडचे असून देश वाचवणे हे शासनाचेच कर्तव्य आहे, असे तिचे म्हणणे होते. रोगाचे मूळ बटाट्यात नसून जमिनीच्या व्यवस्थेत आहे, हे पिम यांनी ओळखले होते. बहुतेक कुळांना जमिनीची शाश्वती नव्हती. सुधारणा केली तर भाडेच वाढण्याचे भय. कर्जात बुडालेल्या जमीनदारांच्या जमिनी विकता याव्यात यासाठी कायदा व्हावा, म्हणून पिम यांनी खटपट केली आणि १८४९ मध्ये तसा कायदा झाला.

१८५२ साली समितीने पत्रव्यवहार व जमाखर्चासह आपला अहवाल छापला. त्यात यशाचा डंका नाही. फसलेल्या प्रयत्नांचीही नोंद आहे.

कच्छच्या जगडूशाने दुष्काळात धान्याची कोठारे खुली केली, ही कथा जैन घरांत आजही सांगितली जाते. आयर्लंडच्या इतिहासात व्यापाऱ्याची दोन रूपे शेजारी शेजारी दिसतात: उधारीच्या वहीत भूक लिहून घेणारा दुकानदार, आणि त्याच हिशेबी बुद्धीने भुकेल्यापर्यंत अन्न पोहोचवणारा क्वेकर. दोघांनाही आकडेमोड उत्तम येत होती. दुसऱ्याने मात्र दानाचाही हिशेब चोख ठेवला आणि दान कुठे अपुरे पडते तेही त्याच वहीत प्रामाणिकपणे लिहिले.