मानातील त्रुटी आणि मात्रेची शुद्धी

शार्ङ्गधराचार्यांनी आपल्या संहितेच्या आरंभीच, परिभाषा अध्यायात, मानाचा विचार मांडला आहे. चरकसंहितेतही कल्पस्थानाच्या अखेरीस मानपरिभाषा आली आहे. मानावाचून औषधयोजना होत नाही, याविषयी आपल्या व्यवसायात दुमत नाही. परंतु प्रत्येक मोजमापात काही ना काही त्रुटी असतेच, या भौतिकशास्त्राच्या पहिल्या धड्याकडे मात्र आपले पुरेसे लक्ष नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काट्यावरील आकडा म्हणजे अंतिम सत्य नव्हे. एक ग्रॅम लघुतम माप असलेल्या काट्यावर अर्धा ग्रॅम कमी-अधिक ही अनिश्चितता गृहीतच धरावी लागते. पाचशे ग्रॅम चूर्ण तोलताना ती एक दशांश टक्का, म्हणजे नगण्य ठरते. पाच ग्रॅम भस्म तोलताना तीच दहा टक्के होते, आणि एक गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम रसकल्प तर त्या काट्यावर तोलताच येत नाही. त्यासाठी दहा मिलिग्रॅम लघुतम मापाचा काटा घेतला, तरी चार टक्के अनिश्चितता उरते. वत्सनाभ, कुपीलू वा पारद यांनी युक्त कल्पांच्या बाबतीत हा विचार टाळणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होय.

त्रुटी दोन प्रकारच्या असतात. नजरेच्या अंदाजाने पुड्या केल्या, तर एखादी जड, एखादी हलकी होते. ही यादृच्छिक त्रुटी होय. सरासरी बरोबर आली तरी रुग्ण सरासरी घेत नाही, एकेक पुडी घेतो. दुसरी त्रुटी पद्धतशीर. वजन ही सदिश राशी, तर वस्तुमान अदिश, असे आपण शाळेत शिकलो. पद्धतशीर त्रुटीलाही जणू दिशा असते. काटा शून्यावर न आणता तोलले, की प्रत्येक वजन एकाच बाजूला ढळते. शंभर वेळा तोलूनही ती उघडकीस येत नाही. प्रमाणित वजन ठेवून पडताळले तरच कळते.

एककांचा घोळ हीदेखील अशीच त्रुटी. पारंपरिक तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा; आयुर्वेदिक फॉर्म्युलरीने तो १२ ग्रॅम धरला आहे. संपूर्ण योगात एकच मान वापरले तर द्रव्यांचे परस्पर प्रमाण बिघडत नाही. निम्मी द्रव्ये जुन्या तोळ्याने व निम्मी नव्या मानाने घेतली, तर सुमारे तीन टक्क्यांचा फरक पडतो. मधाबाबत तर अनर्थच. ७६८ ग्रॅम मधाऐवजी ७६८ मिलिलिटर मध मापाने ओतला, तर त्याची घनता सुमारे १.४ असल्याने तो हजार ग्रॅमांहून अधिक भरतो. तूप मात्र पाण्याहून हलके असल्याने त्याच मापाने कमी पडते. अवलेहाचा पाक बिघडल्यावर अग्नीला दोष देण्यापूर्वी मापाकडे पाहावे.

औषधनिर्मात्यांना आमची विनंती आहे की, वैधमापन अधिनियम, २००९ अन्वये काट्याची मुदतीत पडताळणी करून घ्यावीच. परंतु त्या मुद्रेवर विसंबून न राहता रोज सकाळी प्रमाणित वजनाने काटा तपासून नोंदवहीत नोंद करावी. वैद्यबंधू-भगिनींनी तयार पुड्यांपैकी काही सुट्या तोलून पाहाव्यात, आणि तीव्र द्रव्यांच्या कल्पांची अंदाजे पुडी बांधणे सर्वस्वी सोडून द्यावे.

औषधाचा गुण आला नाही, की आपण निदान तपासतो, द्रव्याची शुद्धता तपासतो. काटाही तपासावा. मात्रेची शुद्धी तेथूनच सुरू होते.