भुताची विल्हेवाट

भयपटाविषयी गंभीरपणे लिहिण्याची वेळ आली की आपला समीक्षक प्रथम भुताची विल्हेवाट लावतो. भूत म्हणजे अपराधगंड, भूत म्हणजे दमिताचे पुनरागमन, असे एकदा म्हटले की त्याची विवेकनिष्ठाही शाबूत राहते आणि रंजनप्रधान कलाकृतीला हात लावल्याचा विटाळही होत नाही. 'शटर' (२००४) या थाई चित्रपटावर एका चर्चासत्रात वाचला गेलेला निबंध ऐकताना हे पुन्हा जाणवले. त्या निबंधाच्या मते चित्रपटातील नात्रे ही नायकाच्या, म्हणजे टुनच्या, सदसद्विवेकबुद्धीची सावली होय.

हे वाचन चित्रपटाच्या संहितेवरच टिकत नाही. टुन छायाचित्रकार आहे. त्याने काढलेल्या छायाचित्रांत प्रकाशाचे पट्टे आणि एक चेहरा उमटू लागतो. तो चेहरा त्याची मैत्रीण जेन हिलाही दिसतो, आणि नात्रेवर पूर्वी जे गुदरले त्याची जेनला गंधवार्ताही नाही. टुनची मान दुखते. वजनकाट्यावर त्याचे वजन अविश्वसनीय भरते. अपराधगंडाला वजन असते काय? अशी छायाचित्रे छापणाऱ्या नियतकालिकाचा संपादक त्यांतली बहुतेक बनावट असल्याचे स्वतःच मान्य करतो, पण निगेटिव्ह नसलेल्या पोलरॉइडमध्ये ही हातचलाखी चालत नाही, असेही बजावतो. (हा संशय जुनाच आहे. भुतांची छायाचित्रे विकणाऱ्या विल्यम मम्लरवर १८६९ साली न्यूयॉर्कमध्ये खटला झाला आणि तो पुराव्याअभावी सुटला.) शेवटी नात्रे कोठे आहे हे दाखवते ते पोलरॉइडच: ती टुनच्या खांद्यांवर बसलेली आहे.

पर्सच्या परिभाषेत छायाचित्र हे केवळ सादृश्यावर उभे असलेले चिन्ह नव्हे. वस्तूवरून आलेल्या प्रकाशानेच ते घडते, म्हणून ते निर्देशक चिन्हही असते. समोर कोणीतरी होते, एवढी ग्वाही ते देते; बार्तने १९८० च्या आपल्या पुस्तकात जोर दिला तो नेमका यावर. चित्रपटाने भुताला आरशात किंवा स्वप्नात न ठेवता प्रामुख्याने छायाचित्रात ठेवले, ते याच कारणाने.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. टुनच्या मित्रांनी नात्रेवर बलात्कार केला, त्या वेळी कॅमेरा टुनच्या हातात होता. तिचे तोंड बंद राहावे म्हणून ती छायाचित्रे काढली गेली. पुढे जेन टुनने काढलेली छायाचित्रे भरभर उलटते तेव्हा नात्रे पुस्तकांच्या कपाटाकडे सरपटत जाताना दिसते. त्या कपाटामागेच निगेटिव्ह लपवलेल्या असतात. ज्या साधनाने तिला मुके केले त्याच साधनातून ती साक्ष देते. अशा स्त्रीला 'टुनच्या मनाची प्रतिमा' ठरवणे म्हणजे तिची साक्ष नोंदवून न घेणे. बलात्काराची घटना पुन्हा पुरुषाच्या अंतर्विश्वातील एक प्रकरण होऊन बसते. समीक्षकाला हे अभिप्रेत नसेलही, परंतु त्याच्या पद्धतीचा परिणाम हाच आहे.

यावर आक्षेप येईल की हे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे झाले. तसे नाही. कलाकृतीच्या विश्वात भूत ही वस्तुस्थिती आहे असे मानणारा वाचक घरी जाऊन दारावर लिंबू-मिरची टांगतोच असे नाही. अद्भुताची मीमांसा करताना तोदोरोवने वाचकाकडून रूपकात्मक अर्थ नाकारण्याची अपेक्षा १९७० सालीच केली होती. आपल्याकडे तोदोरोव पदव्युत्तर वर्गात शिकवला जातो आणि धारप-मतकरींच्या कथांपाशी आले की विसरला जातो.

चित्रपट निर्दोष आहे असा माझा दावा नाही. नात्रेला तो फारसे बोलू देत नाही, आणि टुनच्या यातनांवर नको तितका रेंगाळतो. पण टुन खिडकीतून पडूनही जगतो, आणि शेवटच्या दृश्यात रुग्णालयातील दाराच्या काचेत त्याच्या खांद्यांवर ती दिसतेच. ते पाहणारे आपण असतो. टुन त्या वेळी मान खाली घालून बसलेला असतो.