राऊटर बंद करून चालू करा!

परवा कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकवल्यावर एक मुलगा फोनवर आला आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, "मॅडम, राऊटर बंद करून चालू करा." म्हटलं, "बाळा, सकाळपासून तीनदा केला." तर म्हणे, "आणखी एकदा करून बघा."

मंडळी, मी मराठीची बाई. बी.ए. सुद्धा मराठी माध्यमातून. इंटरनेट हा काही माझा विषय नव्हे. पण चौथीतलं पोर जरी 'बाई, गणित चुकतंय' म्हणत आलं, तरी 'पाटी पुसून पुन्हा मांड' एवढं सांगून मी कधी परत पाठवलं नाही. कुठल्या पायरीला चुकलं ते आधी बघायचं असतं.

आता म्हणाल, एवढं काय अडलंय? तर आमची अक्का सांगलीला असते. वय ८२. गेल्या काही वर्षांत तिला ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय. मशीन लावलं की डोकं दुखतं म्हणते. पण ओठ बघून तिला सगळं समजतं, म्हणून रोज संध्याकाळी पाचला आमचा व्हिडिओ कॉल. दोन महिन्यांपासून चित्र मधेच थिजायला लागलं. आवाज पुढे, ओठ मागे. तुम्हाआम्हाला तेवढं चालतं हो, आपण कानांनी निभावतो. तिचं सगळंच थांबतं. एक दिवस म्हणाली, "राहू दे गं, नको करूस फोन. तुलाही त्रास, मलाही." त्या रात्री मला झोप आली नाही.

मग सल्ले सुरू झाले. पुण्याहून चिरंजीव म्हणाले, "आई, प्लॅन वाढव. ४० चा आहे, १०० चा घे." भाच्याचं म्हणणं, नवीन राऊटर घ्या. कंपनीचा मुलगा घरी आला, राऊटरपाशी उभा राहिला, मोबाइलवर काटा फिरवून दाखवला. "बघा काकू, ४० येतंय. लाइन ओके आहे." चहा प्यायला आणि गेला. चांगला होता बिचारा. पण राऊटर बाहेरच्या खोलीत, आणि मी बोलते मागच्या खोलीतून! ताप आजोबांना आणि थर्मामीटर नातवाच्या काखेत, असली ही तपासणी.

माझं सरळ म्हणणं आहे की गिऱ्हाईक जिथे बसतं तिथे वेग मोजला पाहिजे. बिलावर लिहिलेलं असतं '४० एमबीपीएसपर्यंत'. त्यातलं 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय मी आयुष्यभर शिकवलं, पण त्यात एवढं पाणी मुरतं हे आत्ता कळलं.

शेवटी मीच वही घेतली. घरातल्या चार जागा, प्रत्येक जागी तीनदा मोजणी. राऊटरशेजारी ३८, स्वयंपाकघरात १९, जिन्याखाली ११, मागच्या खोलीत ३. लॅपटॉपला लॅन केबल जोडून थेट मोजलं तर ३९. म्हणजे रस्त्यावरून घरात येणारी लाइन ठणठणीत. दुखणं घरातल्या घरात! 'नेट स्लो आहे' म्हणतो तेव्हा आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो, एक कंपनीची लाइन आणि दुसरं घरातलं वायफाय. केबल लावून एकदा मोजलं की त्या वेगळ्या होतात. एवढी एक गोष्ट त्या फोनवरच्या मुलाने सांगितली असती तर माझे दोन महिने वाचले असते.

आमचं साताऱ्याचं घर जुनं. मधली भिंत दोन फुटी, काळ्या दगडाची. राऊटर लोखंडी कपाटामागे, वर मी विणलेलं क्रोशाचं झाकण (घरचे इथे हसतील, हसा). क्रोशाने लहरी अडत नाहीत, पण राऊटर तापतो. दगड आणि लोखंड मात्र अडवतात. त्यात फोनवर आमच्या वायफायची दोन नावं दिसायची, त्यातल्या एकापुढे ५जी. नातवाने 'हेच भारी' म्हणून जोडून दिलेलं. ते मोबाइलचं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झ. जवळ बसलात तर वेगवान, पण भिंतीपुढे २.४ वाल्यापेक्षा लवकर दमतं. नातू सांगायला विसरला. खरं तर विसरला नाही, 'आजी, तुला नाही कळणार' म्हणाला. मला राग येतो तो याच वाक्याचा. कळत नाही म्हणून सांगायचं नाही, आणि सांगत नाहीत म्हणून कळत नाही!

असो. मधल्या दारापाशी उंचावर राऊटर आणला, झाकण काढलं, फोन २.४ वर घेतला. मागच्या खोलीत १७ आले. एक पैसा प्लॅन न वाढवता. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात हो. २००५ साली बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा सरकारी व्याख्येत २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं. २०१३ ला ते ५१२ झालं आणि २०२३ ला २ एमबीपीएस. आपल्या घरात त्याच्या वीसपट येतंय, आणि ते दगडी भिंतीशी अडलं की आपण आणखी विकत घ्यायला निघतो.

'बंद करून चालू करा' हे अगदीच खोटं आहे असंही नाही. राऊटर म्हणजे लहानसा संगणकच. चालून चालून अडखळतो, बंद केला की पाटी कोरी होते. पुष्कळ राऊटर चालू होताना शेजाऱ्यांच्या गर्दीतून वाटही नव्याने निवडतात. २.४ मध्ये एकमेकींना न घासणाऱ्या वाटा तीनच, १, ६ आणि ११. महिन्यातून एकदा बंद-चालू ठीक आहे. रोज तापाची गोळी लागत असेल तर मात्र ताप कशाचा ते बघायला नको का?

तर १७ आले आणि मी विजयी मुद्रेने अक्काला फोन लावला. चित्र पुन्हा थिजलं!

लगेच पुण्याला नातवाला लावला. लख्ख. म्हणजे दोष आता सांगलीच्या टोकाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे उत्तर आपोआप उरतं. दुसऱ्या दिवशी वही पिशवीत टाकली आणि कराडमार्गे जाणारी एसटी धरली.

अक्काचं घर गावभागात, तळमजल्यावर. राऊटर कुठे म्हणून विचारलं तर भाच्याने वर बोट दाखवलं. माळ्यावर! पत्र्याची ट्रंक, पितळी पातेली, स्टीलचे डबे आणि मधे मखरात बसवल्यासारखा राऊटर. अक्का बसते तिथे वेग २. मी म्हटलं, "खाली काढा तो." माझे ओठ वाचून अक्का एकदम म्हणाली, "आणि पाणी आलं तर?"

यावर माझी वही मुकाट मिटली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. अक्काला होडीतून बाहेर काढलं होतं. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. तेव्हापासून या घरात किमतीची प्रत्येक गोष्ट माळ्यावर जाते, कागदपत्रं, फोटो आणि राऊटरसुद्धा. ती साताऱ्याहून आलेल्या धाकट्या बहिणीने एका दमात 'चूक' म्हणून खोडायची गोष्ट नव्हती.

भाच्याने २०१९ च्या पाण्याची खूण भिंतीवर पेन्सिलने ठेवली आहे. त्या खुणेच्या हातभर वर, माळ्याच्या खाली, भांड्यांपासून लांब अशी जागा आम्ही शोधली. दोन खिळे मारून राऊटर टांगला. अक्काने खुर्चीवर बसून अंतर दोनदा वितीने मोजायला लावलं, मगच मान डोलावली. तिच्या खुर्चीपाशी २१ आले.

मी परत आल्यावर संध्याकाळी पाचला फोन केला. अक्का बराच वेळ काही बोललीच नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, पुन्हा थिजलं. तेवढ्यात म्हणाली, "अगं, तुझा पुढचा दात कधी पडला? बोलली नाहीस ते!"

दीड महिन्यापूर्वीच सांगितलं होतं.